एप्रनच्या खिशातली चिठ्ठी

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर कोंबडीचे पाय. वाचणाऱ्यानं राग मानू नये. तसं वाचणारं कोणी नाहीच. आमच्या नाचणगावच्या वाचनालयातल्या मॅडम दिवाळी अंकासाठी बायकांकडून कामाचे अनुभव मागत होत्या. "तुम्ही तर वर्ध्याच्या मोठ्या हॉटेलात होत्या, लिहा न," असं त्या मला म्हणाल्या. मी मान खाली घालून घरी आले. मग भाकरी थापता थापता वाटलं, द्यायचं नसलं तरी लिहायला काय हरकत आहे? माझी मुलगी पल्लवी हिच्या नर्सिंगच्या वह्यांची मागची पानं कोरी होती. ती काढून मी सुईदोऱ्यानं शिवली. त्यात हे लिहिते आहे.

मी त्या हॉटेलात सात वर्षं होते. ते चायनीज हॉटेल होतं. चायनीज म्हटलं की आपल्याकडे गाडी डोळ्यापुढे येते, लाल रंगाचा भात, मोठा जाळ आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. हे तसं नव्हतं. नागपूरच्या रस्त्याला काचेची इमारत. आत उजेड मंद, जसा देव्हाऱ्यात असतो. मधोमध मोठी गोल टेबलं, त्यावर फिरणारी काच. काच फिरवली की समोरच्याची वाटी आपल्यापुढे येते. आधी फोन करून जागा धरावी लागे. मेनूकार्ड इंग्रजीत, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, लग्नाच्या अल्बमसारखं जड. मालक निखिल सर, जुन्या कापड दुकानदारांचा मुलगा, पुण्याला शिकून आलेला. ते म्हणायचे, "वर्ध्याच्या लोकांनी खाण्यासाठी नागपूरला काऊन जावं?"

माझं काम मुरड घालायचं. तिथे त्याला डिमसम म्हणत. लोक मोमो म्हणत. आपल्या करंजीसारखीच गोष्ट, फक्त आतलं सारण तिखट आणि वरून तळायचं नाही, वाफेवर शिजवायचं. पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात. लाटी अशी लाटायची की मध्ये जाड आणि कडेला पातळ, कारण कडेच्या घड्या एकावर एक येतात आणि पातळ नसल्या तर दाताखाली कच्च्या लागतात. एका करंजीला चौदा घड्या. माझ्या सहा तासांत चारशे नग होत. बांबूच्या टोपलीत कोबीचं पान घालून त्यावर सहा नग मांडायचे, की ती टोपली साडेतीनशे रुपयांना बाहेर जाई. मी मनात भाग देऊन पाहिला होता. एका घासाचे अठ्ठावन्न रुपये.

मी तिथे कशी लागले ते सांगते. आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, कोबी, वांगी. माझे मालक, म्हणजे माझे यजमान, हॉटेलात भाजी द्यायला जात आणि मी सोबत. एकदा मागच्या दाराशी पैशाची वाट पाहत बसले होते. आत मोठा आचारी दोघा माणसांना घड्या शिकवत होता आणि त्यांच्या हातून सारण बाहेर येत होतं. मला पाहवेना.  हात धुतले, एक लाटी उचलली आणि आईनं शिकवली तशी मुरड घालून ठेवून दिली. आचारी त्या करंजीकडे पाहत राहिला. मग सरांना हाक मारून म्हणाला, "सर, ये भाजीवाली दीदी को रख लो."

तो आचारी म्हणजे दाजू. कालिम्पाँगच्या डोंगरातला माणूस, पन्नाशीचा, बुटका, कपाळावर तेलानं भाजल्याचा डाग. त्याच्या भाषेत दाजू म्हणजे मोठा भाऊ. सगळे त्याला दाजू म्हणत, सरसुद्धा. मी नवखी होते. पहिलं वर्षभर मी त्याच्याशी हो आणि नाही, एवढंच बोलले. मला बोलता येत नाही असं नाही. घरी बोलते. पण परक्या माणसापुढे शब्द घशापर्यंत येतो आणि परत जातो.

हॉटेलात ये-जा करणारे लोक मी दारातून पाहायची. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक दार होतं, त्याला डोळ्यांच्या उंचीवर गोल काच. त्या काचेतून मी खूप पाहिलं. मुलगी पाहायला आलेले लोक पाहिले. मुलाची आई ताटं परत पाठवत होती. कांदा-लिंबू नाही ते जेवण कसलं, म्हणे. शेवटी दाजूनं कांदा फुलासारखा कापून पाठवला, तेव्हा लग्न ठरलं. पुलगावचे एक गुरुजी नूडल्सवर सावजी रस्सा मागत. एक शेतकरी नवराबायको एकच सूप घेऊन दोन तास बसले होते, लग्नाचा वाढदिवस होता म्हणून. देवळीचे एक काका खिशात स्टीलच्या डबीत घरचा ठेचा घेऊन येत आणि गुपचूप डिमसमला लावून खात. दाजूनं तो मागून चाखला. पुढच्या महिन्यात तोच ठेचा इंग्रजी नावानं मेनूकार्डात आला, नव्वद रुपये वाटी. काकांनी तो वाचला आणि वेटरला, म्हणजे मंगेशला, विचारलं, "हे काय असते बाप्पा?" मंगेश म्हणाला, "काका, तुमच्या खिशात हाय तेच."

मी स्वतः त्या दारापलीकडे कधी गेले नाही. एकदाच गेले. सोमवारी हॉटेल बंद असे आणि आम्ही तयारीला येत असू. पल्लवीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तो सोमवार होता. मी पेढे आणले होते. दाजूनं पेढा खाल्ला आणि म्हणाला, "चलो दीदी, आज तुम ग्राहक." मी नको नको म्हणत असताना त्यानं गोल टेबलाची खुर्ची ओढली. मी खुर्चीच्या कडेवर बसले, एप्रनसुद्धा काढलं नव्हतं. त्यानं आधी पातळ सूप आणलं. मग टोपली. झाकण काढलं तेव्हा वाफ माझ्या तोंडावर आली. मी तीन वर्षं ह्या करंज्या करत होते, पण उरलेल्या, थंड झालेल्याच खाल्ल्या होत्या. गरम पहिल्यांदा. काळ्या आंबट पाण्यात बुडवून. मला वाटलं, हे मी केलं आहे? त्यानं काड्या दिल्या. चौदा घड्या घालणारी माझी बोटं त्या दोन काड्या धरू शकेनात. करंजी तीनदा घसरली. दाजू हसून हसून लाल झाला आणि चमचा घेऊन आला. मग समोर बसून त्यानं फिरणारी काच ढकलली आणि चहाची किटली माझ्यापुढे आली. माझ्यापुढे आयुष्यात कोणी असं काही फिरवून आणलं नव्हतं.

हे एवढं सगळं लिहिलं, पण मला खरं तर एकाच दिवसाबद्दल लिहायचं आहे. त्या दिवशी मी बोलले नाही म्हणून दाजूची नोकरी गेली.

स्वयंपाकघरात एक नियम होता, दाजूनं घातलेला. भाजीचं सारण करंजीच्या आकारात आणि चिकनचं सारण मोदकाच्या आकारात. शिजल्यावर आतलं दिसत नाही, म्हणून आकार हीच खूण. वेटर झाकण उघडतो, आकार पाहतो आणि टेबलाकडे नेतो. आधी चिकनचे मोदक दुसरा माणूस करायचा. तो काम सोडून गेला आणि त्या वर्षी दोन्ही माझ्याकडे आलं.

गणपतीचे दिवस आले. आमच्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो. एरवी आम्ही कोंबडी खातो, पण त्या दिवसांत घरात आणत नाही. त्या दिवशी पहाटे मी एकवीस मोदक करून नैवेद्य दाखवला आणि सकाळच्या गाडीनं वर्ध्याला आले. हाताला अजून खोबऱ्याचा वास होता. समोर चिकनचं सारण आणि मला त्याचे मोदक करायचे होते. पहिली पारी हातात घेतली, कळ्या पाडायला लागले आणि हात थांबला. नाही झालं मला. मी ठरवलं, आजच्या दिवस उलटं करू. भाजीचे मोदक, चिकनच्या करंज्या. दाजू अकराला येतो, आला की सांगू. गणपतीमुळे चिकनला मागणी नव्हतीच, दोनच टोपल्या करायच्या होत्या.

बोलताना अडखळेन म्हणून मी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर चिठ्ठी लिहिली. "आज करंजीत चिकन. मोदकात भाजी." ती टोपल्यांवर चिकटवणार, तेवढ्यात मंगेश आत आला. महिन्याभरापूर्वी मी मसाल्याच्या डब्यावर नाव लिहून चिकटवलं होतं, तेव्हा त्यानं सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. "पाहा बे, काकूनं डॉक्टरची चिठ्ठी लिहून ठेवली! आता मेडिकलवाल्याले बोलवा!" त्याच्या मनात वाईट नव्हतं. तो सगळ्यांचीच टिंगल करायचा, स्वतःचीही. पण मला ते लागलं होतं. मी चिठ्ठी घडी करून एप्रनच्या खिशात टाकली. तोंडानंच सांगू, म्हटलं.

दाजू आला तो घाईत. त्या दुपारी दादीजी जेवायला येणार होत्या. दादीजी म्हणजे वर्ध्याच्या एका जुन्या व्यापारी घरातल्या आजी. सरांच्या वडिलांचं आणि त्यांचं घरचं जाणं-येणं. पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. त्यांनी जन्मात कधी मांसाला हात लावला नव्हता, कांदा-लसूणही नाही, आणि सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही, म्हणून दुपारचं जेवण. नातीनं हट्ट धरला होता. दादीजी हॉटेलात यायला तयार नव्हत्या, पण सर स्वतः त्यांच्या घरी जाऊन आले होते. "दादीजी, मेरी जबान है," असं सांगून आले होते.

दाजूनं येताच सगळी भांडी नव्यानं घासायला लावली. मला म्हणाला, "दीदी, दादीजी का अलग. पत्ता गोभी, पनीर, मकई. प्याज नहीं, लहसुन नहीं. बाएँ तरफ रखना." मी मान हलवली. तोच सांगायचा क्षण होता. "दाजू" एवढंच म्हणायचं होतं. पण तो वळून सुपाकडे गेला होता आणि सर दोनदा येऊन ओरडून गेले होते. मी दादीजींचे सहा मोदक केले. माझ्या हातून तेवढे सुंदर कधी झाले नव्हते. गणपतीचे दिवस, एवढी व्रतस्थ बाई, मला वाटलं हा प्रसादच आहे. मी ती टोपली डाव्या बाजूला ठेवली, चिकनच्या करंज्यांची उजव्या बाजूला.

तेवढ्यात मागच्या दाराशी माझे यजमान भाजी घेऊन आले. "अवं, वजन करून घे न लवकर, मले पुलगावच्या बाजारात पोचाचं हाय." मी गेले. कोबी मोजला, पालक मोजला, वहीत लिहिलं. दहा-बारा मिनिटं लागली असतील.

परत आले तर डावीकडे वाफेच्या भांड्यावर काहीच नव्हतं. उजवीकडे माझे मोदक होते, आणि मंगेश ती टोपली उचलून चार नंबरच्या टेबलाकडे निघाला होता. तिथल्या साहेब लोकांनी चिकन मागवलं होतं. मला कळलं काय झालं. दाजूनं झाकण उघडलं, डावीकडे मोदक दिसले, त्याला वाटलं दीदीनं चुकून बाजू बदलली. त्यानं टोपल्या बदलून ठेवल्या. त्यानं बाजू पाहिली नाही, माझा आकार पाहिला. माझ्या हातावर त्याचा एवढा विश्वास होता.

मी दाराकडे धावले. गोल काचेतून पाहिलं. दादीजींचं टेबल समोरच होतं. पांढरी साडी, डोक्यावर पदर. टोपली त्यांच्यापुढे होती. नातीनं काच फिरवून त्यांच्यापुढे आणली होती. मी दारावर हात ठेवला. दार ढकललं असतं तर उघडलं असतं, त्याला कडी नव्हती. पंधरा पावलं होती. हॉल भरलेला होता, सगळे चांगल्या कपड्यांतले लोक. माझ्या एप्रनला पीठ होतं. मी काय म्हणणार होते? कोणत्या शब्दात? मी शब्द शोधत राहिले. दादीजींनी काड्या बाजूला ठेवल्या, हातानं करंजी उचलली, फुंकर घातली आणि खाल्ली. सुनेकडे पाहून हसल्या. मी पाहत होते. त्यांनी दुसरी घेतली. मी पाहत होते. खिशात ती चिठ्ठी होती.

चार नंबरच्या टेबलावरून आवाज आला, "अरे भाई, इसमें चिकन किधर है?" मंगेश टोपली घेऊन परत आला. दाजूनं एक मोदक फोडला. आत मक्याचे दाणे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तो हॉलमध्ये गेला, धावत नाही, चालत, आणि दादीजींच्या हाताजवळची टोपली उचलून त्यानं हात जोडले.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दादीजी उठून हात धुवायच्या जागी गेल्या आणि खूप वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. नात रडत होती. दादीजींचा मुलगा आईच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मग ते सगळे निघून गेले.

सर आत आले. चेहरा पांढरा पडला होता. "किसने किया?"

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

दाजू म्हणाला, "मैंने, सर. टोकरी मैंने उठाई."

सर म्हणाले ते सगळं मी लिहीत नाही. बाहेरगावच्या माणसाला आमच्या लोकांचा धर्म काय कळणार, असंही म्हणाले. दाजूला त्या दिवसापासून काढलं. दादीजींच्या टेबलाचं बिल अकरा हजार चारशे झालं होतं, ते त्याच्या पगारातून कापलं.

मागच्या नळावर मी हात धूत होते. दाजू शेजारी येऊन उभा राहिला. "दीदी, उल्टा क्यों किया?"

"गणपती," मी म्हटलं. तेवढाच शब्द निघाला.

त्यानं मान हलवली, जणू सगळं समजलं. मग अगदी हळू म्हणाला, "बोल देना था, बस."

दुसऱ्या दिवशी तो आपल्या सुऱ्या न्यायला आला. त्याचं छोटं लाटणं त्यानं माझ्या पाटावर ठेवलं. म्हणाला, पल्लवीचं शिक्षण पूर्ण कर, काम सोडू नको. चिठ्ठी तेव्हाही खिशात होती. मी ती दाखवली नाही. तो स्टेशनवर गेला आणि मी चारशे करंज्या केल्या.

त्यानंतर नवा आचारी आला, पण चव गेली. सर चिडचिडे झाले. मंगेशनं टिंगल करणं सोडलं. त्याला वाटत होतं त्याच्या हातून टोपली गेली म्हणून हे झालं. मी त्यालाही सांगितलं नाही.

आमची भाजी दादीजींच्या घरीही जाई, त्या निमित्तानं तिथली बातमी कळे. त्यांनी त्या दिवसापासून दुसऱ्याच्या हातचं खाणं बंद केलं होतं, सुनांच्या हातचंसुद्धा. दिवसातून एकदा स्वतः खिचडी करत आणि एकट्या बसून खात. हे ऐकल्यावर मला घरचं जेवण गोड लागेना.

थंडीत मी एक दिवस सुट्टी घेतली आणि मळ्यातली मेथी आणि तुरीच्या शेंगा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या ओसरीवर उन्हात बसल्या होत्या. मी शेंगांची पिशवी ठेवली आणि उभीच राहिले. "बैठ ना बाई, खड़ी क्यों है?" त्या म्हणाल्या. त्यांनी पाखडायचं सूप घेतलं, शेंगा सोलायला लागल्या. मीही सोलायला लागले. हाताला काम मिळालं की मला थोडं बोलता येतं. अर्धी पिशवी सोलून झाली तेव्हा मी म्हटलं, "दादीजी, मी त्या हॉटेलातली. त्या करंज्या मी केल्या होत्या."

मग मी सगळं सांगितलं. मोदक, चिठ्ठी, टोपली, गोल काच.

त्यांचे हात थांबले. "तू देख रही थी? जब मैं खा रही थी?"

"हो."

"दोनों?"

"हो, दादीजी."

त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. मला वाटलं आता हाकलतील. मग म्हणाल्या, "दूसरा मैंने माँगकर लिया था. बहू से कहा, बहुत नरम है. धोखे से गया, वो तो भगवान देख लेगा. पर मुझे अच्छा लगा था, बेटी. उसका मैं क्या करूँ?"

  मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वाकले, तर त्यांनी पाय ओढून घेतले.

"मुझसे माफी मत माँग. उस रसोइये को मेरे नाम पर निकाला?"

"हो."

"मुझसे तो किसी ने पूछा नहीं." त्यांनी सूप पाखडलं. "जिसका गया है, उसका उसको दे."

निघताना मी विचारलं, भाजी परत नेऊ का. त्या म्हणाल्या, "रहने दे. ये तो मैं अपने हाथ से पकाऊँगी." तेवढंच माझं त्यांनी घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. पहिल्यांदाच न बोलावता. सगळं सांगितलं. सर फोन खाली ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "काकू, आता हे काऊन उकरून काढून राह्यल्या? लोक विसरले. तुम्ही कोणाले बोलू नका." दाजूचे पैसे परत द्या म्हटलं तर म्हणाले, "ते नुकसान झालंच होतं न? कोणीतरी भरलंच असतं." मला त्यांनी काढलं नाही. माझ्या घड्या त्यांना हव्या होत्या. मी काम सोडायला हवं होतं का? पल्लवीचं दुसरं वर्ष होतं. मी सोडलं नाही.

मग मी पल्लवीला सांगितलं.  म्हणाली, "आई, मले तरी सांगाचं न." सगळे मला तेच म्हणतात. तिनं मंगेशकडून दाजूचा नंबर काढला. दर महिन्याला माझ्या पगारातून तिच्या फोनवरून पाचशे रुपये जायला लागले. पहिले पाचशे दाजूनं परत पाठवले. पल्लवीनं फोन लावून माझ्या हातात दिला.

"दीदी, ये क्या है? मैंने तुमको उधार कब दिया?"

"उधार नाही, दाजू. ते तुमचंच आहे. माझ्या हातानं गेलं ते." एवढं बोलताना मला घाम आला. पलीकडे गाडीवर काहीतरी तळल्याचा आवाज येत होता. त्यानं आता गावी रस्त्याकडेला गाडी लावली होती. पूर्वी ज्याच्या हाताखाली नऊ माणसं होती तो आता एकटा चहा आणि मोमो विकत होता.  पुन्हा पैसे परत आले नाहीत.

मधे महिने चुकले. यजमानांची कंबर धरली तेव्हा तीन महिने पैसे गेले नाहीत. पुढच्या वर्षी दादीजी गेल्या. त्यांच्या सुनेनं भाजीच्या हिशोबाच्या वेळी सांगितलं, शेवटपर्यंत स्वतःच शिजवत होत्या, शेवटचे आठ दिवस फक्त पाणी. मी त्यांच्या दारापर्यंत गेले आणि गर्दी पाहून परत आले. पुन्हा तेच. शिकून शहाणी झाले असं मला म्हणता येत नाही.

मागच्या महिन्यात हॉटेलात घड्या घालायचं मशीन आलं. एकसारख्या करंज्या पाडतं, बावीस घड्यांच्या. सगळ्या सारख्या, कोणी केल्या कळत नाही. माझी बोटंही आता सकाळी आखडतात. सरांनी साडी आणि शेवटचा पगार दिला. मी दाजूचं लाटणं पदराखाली घेऊन निघाले. गोल काचेच्या दाराशी थांबले. हॉल रिकामा होता. दार ढकललं आणि मधून चालत पुढच्या दारानं बाहेर पडले. मोजली, टेबलापर्यंत पंधराच पावलं आहेत.

घरी पल्लवी सुट्टीवर आली होती. ती आता दवाखान्यात नोकरी करते. दाजूचे नऊशे रुपये द्यायचे राहिले होते. मी म्हटलं, थांब, याच्याबरोबर अजून एक पाठवायचं आहे. रेशन कार्डाच्या प्लास्टिकमधून मी ती चिठ्ठी काढली. शाई फिकी झाली होती, घडीवर कागद फाटला होता. पल्लवीनं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. तिनं चिठ्ठीचा फोटो काढून दाजूला पाठवला. मी तिला खाली लिहायला लावलं, "त्या दिवशी ही खिशात होती. माझं अक्षर वाईट, म्हणून दिली नाही."

आम्ही फोन चुलीजवळ ठेवून बसलो. थोड्या वेळानं दाजूनं आवाजात पाठवलेला निरोप आला, पल्लवीनं तो लावला. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"दीदी, अक्षर तो एकदम साफ है. मैं एक नजर में पढ़ लेता."

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा पल्लवीनं लावलं नाही. तिनं माझा हात धरला आणि दुसऱ्या हातानं नऊशे रुपये पाठवले. अकरा हजार चारशे पूर्ण झाले.